चाकरमान्यांची मनीऑर्डर

इ.स. १८८० हे साल रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबई सरकारने खोतीचा कायदा करून खोत आणि कुळे यांचा व्यवहार कागदावर बांधून दिला. आणि त्याच वर्षी जानेवारीच्या पहिल्या तारखेस मनीऑर्डरचे काम सरकारी खजिन्यांकडून टपालखात्याकडे आले. भातजमिनीचे निम्मे आणि वरकस जमिनीचे तिसऱ्या हिश्श्याचे पीक खोताच्या अंगणात ओतल्यावर ज्या कुळाच्या कणगीत वर्षाची बेगमीही उरत नसे, त्याच्या घरचा एक तरी मुलगा बोटीने मुंबईस जाई, हे क्रमप्राप्तच होते. कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीचा पाया घातला तेव्हापासून गिरणगावाला माणसांची भूक होती, आणि कोकणाला रोकड पैशाची.

परळ-लालबागच्या चाळीत एकेका खोलीत पाळीपाळीने निजणारा आणि खानावळवाल्या बाईकडे जेवणारा हा चाकरमानी पगार हाती पडताच आधी पोस्टाची वाट धरी. गावी पोस्टमन दिसला की वाडीतली पोरे पुढे धावत. म्हातारी शाईचा अंगठा उठवी, आणि फॉर्मच्या कुपनावरच्या त्या दोन ओळी पोस्टमनच वाचून दाखवी. त्या रुपयांतून सावकाराचे व्याज, घराची शाकारणी आणि मुलीचे लग्न भागे.

म्हणूनच कोकण मनीऑर्डरीवर जगते असे म्हणण्याची रीत पडली. हे विधान मला अपुरे, किंबहुना अन्यायाचे वाटते. गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटापुरता बेताचा होता. त्याची मुले वाढविणे, आईबापांचे म्हातारपण काढणे आणि आजारी पडून परतलेल्या त्यालाही उभे करणे हा सारा खर्च गावाकडच्या स्त्रियांनी गुडघाभर चिखलात लावणी करून सोसला. मालकाला मजूर स्वस्त पडला तो या श्रमांमुळे, आणि त्यांची नोंद ना गिरणीच्या हजेरीपटावर झाली, ना टपालखात्याच्या दप्तरात.

१९२८ साली गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. पगार थांबला तशा मनीऑर्डरीही थांबल्या, आणि हजारो कामगार बोचकी बांधून गावी परतले. त्यांना त्या पावसाळ्यात भाकरी मिळाली ती बायकांनी राखून ठेवलेल्या नाचणीची.