तळटीप : ‘कार्ल गुस्ताफ’

१. कार्ल गुस्ताफ : लेखकाने हे एका तोफतज्ज्ञाचे नाव मानले आहे. मजकूर तसाच ठेवला आहे, पण ते खरे नाही. दिल्लीजवळ झज्जर येथे साब कंपनीने ज्या ८४ मि.मी. खांद्यावरच्या अस्त्राच्या कारखान्याची पायाभरणी २०२४ मध्ये केली, त्या अस्त्राला हे नाव स्वीडनमधील एस्किल्स्तूनाच्या सरकारी बंदूक कारखान्यावरून मिळाले. भारतीय सैन्य हे अस्त्र १९७६ पासून वापरत आहे.

एस्किल्स्तूनाच्या त्याच कारखान्यात १८९६ च्या नमुन्याची ६.५ मि.मी. माउझर रायफल घडली. तिच्या दस्त्यात बसवलेली पितळी चकती जरूर पाहावी : नळीचा व्यास किती, आत गंज कितपत, हे त्रिकोणी खुणांनी नोंदलेले असते. जुनी रायफल घेणाऱ्याला यापेक्षा प्रामाणिक दाखला मिळणे कठीण. तरी चकती जुनी, नळी आजची. आत डोकावून खात्री करावीच.

या रायफलीसाठी परदेशात हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी, मोजून दारू आणि गोळी बसवून काडतूस घरी भरतात. या रायफलीच्या बोल्टला पुढच्या १८९८ च्या माउझरचा तिसरा सुरक्षा-दात नाही, म्हणून दारूचे माप सौम्यच ठेवावे लागते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार रायफल बाळगायला परवाना लागतो आणि काडतुसे बनवायलाही वेगळा परवाना लागतो. तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवरील नेमबाजांनाही कायद्याची चौकट सुटलेली नाही.