सिमित

सिमित : पीळ दिलेला, कड्याच्या आकाराचा आणि सर्वांगाला तीळ लावून भाजलेला तुर्की पाव. कवच खुसखुशीत, आतला भाग मऊ पण चिवट. तुर्कस्तानात तो न्याहारीला चहा, पांढरे चीज, ऑलिव्ह आणि टोमॅटोबरोबर खातात. एरवीही दिवसभर रस्त्यावर मिळतो.

इस्तंबूलमध्ये १५२५ पासून सिमित तयार होत असल्याचे उस्मानी दप्तरांवरून दिसते. उस्कुदारच्या न्यायदप्तरातील १५९३ च्या नोंदीत त्याचे वजन आणि दर ठरवून दिलेले आहेत. ज्या पदार्थाच्या वजनात न्यायालय लक्ष घालते, तो तोवर सामान्यांच्या रोजच्या खाण्यात आलेला असणार. सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने शहरात सिमितच्या सत्तर भट्ट्या असल्याचे लिहिले आहे. विक्रेत्याला ‘सिमितची’ म्हणतात. डोक्यावर तबक घेऊन फिरणारे सिमितची अजूनही दिसतात, मात्र काचेच्या हातगाड्या अधिक.

इझमीरमध्ये याच पावाला ‘गेवरेक’ म्हणतात. अंकाराचा सिमित आकाराने लहान, रंगाने गडद आणि अधिक कुरकुरीत असतो. ग्रीसमधील थेस्सालोनिकीचा ‘कुलुरी’ हा त्याचा जवळचा नातलग.

घरी करताना बहुतेकांचे लक्ष पीठ किती फुगले याकडे असते. खरे पाहता सिमितची चव आणि रंग ठरतात ते ‘पेकमेझ’मुळे. पेकमेझ म्हणजे द्राक्षांचा आटवलेला रस. चुनखडीयुक्त पांढरी माती घालून रसाचा आंबटपणा मारतात, निवळ वेगळी काढतात आणि ती दाट होईपर्यंत उकळतात. साखर न घालताही ती गोड आणि काळसर होते. कच्चा सिमित पातळ केलेल्या पेकमेझमध्ये बुडवला की तीळ चिकटतात आणि रसातील शर्करेमुळे कवचाला तांबूस तपकिरी रंग चढतो. त्याऐवजी अंडे किंवा दूध लावले तर चकाकी येते, पण तो पाव सिमित होत नाही. महाराष्ट्रात पेकमेझ सहसा मिळत नाही. त्याच्या जागी काकवी चालते. चवीत द्राक्षाऐवजी उसाचा वास येतो. रंग आणि चिकटपणा मात्र साधतो.

आठ सिमितांसाठी ५०० ग्रॅम मैदा, सुमारे २९० मिलिलिटर कोमट पाणी, ७ ग्रॅम कोरडे यीस्ट, ९ ग्रॅम मीठ, एक चमचा साखर आणि दोन चमचे तेल घ्यावे. पीठ पुरीच्या पिठापेक्षा किंचित सैल असावे. त्याहून सैल झाले तर पीळ भट्टीत विरघळून जातो. दहा मिनिटे चांगले मळून, झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवावे. उबदार दिवसांत तासभर पुरतो. तेवढ्यात २०० ग्रॅम पांढरे तीळ मंद आचेवर फिकट बदामी भाजून घ्यावेत. ही पायरी गाळू नये: ओव्हनमधल्या थोड्या वेळात कच्च्या तिळांना पुरता खमंगपणा येत नाही.

फुगलेल्या पिठाचे आठ गोळे करावेत. प्रत्येक गोळ्याचे दोन भाग करून त्यांच्या साधारण ५० सेंटिमीटर लांब वळ्या कराव्यात. दोन्ही शेजारी ठेवून एका तळव्याने पुढे आणि दुसऱ्याने मागे लाटाव्यात, मग टोके उचलून जुळवावीत. ताणलेले पीठ उलगडू पाहते आणि वळ्या आपोआप एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात. सांधा ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवावा. नुसता चिमटीने जोडलेला सांधा भाजताना सुटतो.

एक भाग पेकमेझ, एक भाग पाणी आणि चमचाभर मैदा एकत्र ढवळावे. मैद्यामुळे तीळ घट्ट धरतात. कडे त्यात पूर्ण बुडवून, जास्तीचे निथळून तिळांत दोन्ही बाजूंनी घोळवावे. काही भट्ट्यांत ते गरम पेकमेझच्या कढईत क्षणभर शिजवतातही. घरी थंड मिश्रण पुरते. तीळ लावताना कडे हलकेच ताणून मोठे करावे, कारण भाजताना भोक आक्रसते. मग १५–२० मिनिटांचाच विसावा द्यावा. जास्त वेळ ठेवले तर पीळ बुजतो आणि हाती साधा गोल पाव येतो.

ओव्हन आधीच २२०–२३० अंश सेल्सियसला पूर्ण तापवावा. त्यात १५ ते २० मिनिटांत सिमित गडद होतो. फिकट दिसताच बाहेर काढण्याचा मोह टाळावा, आणि कमी आचेवर रेंगाळत तर मुळीच भाजू नये. आतला ओलावा उडून पाव टोस्टासारखा कोरडा पडतो. लहान ओव्हनमध्ये चार-चार भाजावे लागतात. दुसऱ्या खेपेची कडी तोवर झाकून फ्रीजमध्ये ठेवावीत.

सिमित त्याच दिवशी खावा. संध्याकाळपर्यंत तो वातड होतो. उरलेल्यांना पाण्याचा हात लावून चारपाच मिनिटे तापत्या ओव्हनमध्ये ठेवले की कवच पुन्हा कुरकुरीत होते. तुर्कस्तानात शिळा सिमित आडवा चिरून, मध्ये ‘काशार’ चीज घालून दाबून भाजतात, आणि अनेकांना तो ताज्याइतकाच आवडतो.