अन्यायाविषयीचा संताप : ख्रिस्ती शिकवण आणि आचरण

८ डिसेंबर २०२३ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात आग लागली. सहा कामगार जागीच मृत्युमुखी पडले आणि जखमींपैकी आणखी काही जण पुढे उपचारादरम्यान दगावले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कारखान्याकडे आवश्यक परवाने नसल्याचे नंतर उघड झाले. अशा घटनेने कोणाही सहृदय माणसाला संताप येतो. हा संताप पाप आहे काय, असा प्रश्न श्रद्धावंतांच्या मनात उभा राहतो. त्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण येथे संक्षेपाने मांडत आहोत.

क्रोध : भावना आणि पाप

क्रोधाची गणना सात प्रमुख पापांत होते. तथापि मनात संताप उसळणे ही केवळ भावना असून ती स्वतः पापही नाही व पुण्यही नाही. तिला आपण कोणत्या दिशेने नेतो यावर सारे अवलंबून असते. संत पौल इफिसकरांस लिहिताना (४:२६) राग येण्याची शक्यता गृहीत धरतो. मात्र त्यातून पाप घडू नये आणि सूर्यास्तानंतरही तो मनात राहू नये, असे बजावतो. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते विवेकाच्या अधीन असलेला क्रोध प्रशंसनीय ठरू शकतो. एखाद्याचे वाईट व्हावे म्हणून सूडाची इच्छा बाळगणे निषिद्ध आहे. दोष सुधारावा आणि न्याय राखला जावा म्हणून भरपाई वा शिक्षा मागणे उचित आहे. कॅथॉलिक धर्मशिक्षा (क्र. २३०२) हाच भेद सांगते.

प्रभू येशूचा संताप

संत मार्कच्या शुभवर्तमानात (३:१-६) वाळलेल्या हाताचा एक मनुष्य सभास्थानात आहे. शब्बाथ दिवशी येशू त्याला बरे करतो की काय, याकडे विरोधक टपून आहेत. त्यांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे येशू खिन्न होतो आणि त्यांच्याकडे रागाने पाहतो. परंतु पुढच्याच क्षणी तो त्या दुःखिताकडे वळतो आणि त्याचा हात बरा होतो. येशूच्या क्रोधाची परिणती विरोधकांच्या विनाशात न होता पीडिताच्या आरोग्यात झाली. आपला संताप पारखण्याची कसोटी आम्हाला येथेच सापडते.

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात या प्रसंगाला विशेष अर्थ आहे. पॉवर प्रेसवर बोटे गमावलेले कामगार आपल्या वस्त्यांत अनोळखी नाहीत. त्यांच्याविषयी आपण केवळ हळहळतो, की त्या हातासाठी काही करतो?

दोन धोके

पहिला धोका सूडाचा. ३० जुलै २०१८ रोजी चाकण येथे आरक्षणाच्या मागणीसाठी निघालेल्या आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि अनेक बसगाड्या जाळण्यात आल्या. मागणी कोणतीही असो, अशा आगीची झळ ज्यांचा काही अपराध नाही अशा प्रवाशांना आणि चालक-वाहकांनाच बसते.

दुसरा धोका उदासीनतेचा. आपण त्याला सहनशीलता म्हणतो. पण ती पुष्कळदा भीती किंवा सोय असते. जेथे संतापाला योग्य कारण आहे तेथे तो मुळीच न येणे हाही दोष असू शकतो, असे संत थॉमस सांगतात. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असा इशारा संत याकोब (५:४) देतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात त्याच वचनाचा आधार घेऊन कामगारांची बाजू मांडली.

क्षमा आणि न्याय

क्षमा म्हणजे अन्यायाला संमती नव्हे. सिस्टर राणी मारिया यांनी मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात सावकारी पिळवणुकीविरुद्ध आदिवासींना उभे केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांची हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. राणी मारिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे धन्य घोषित करण्यात आले. एका बहिणीने अन्यायाशी तडजोड केली नाही, दुसरीने द्वेषाशी केली नाही.

आचरणासाठी

१. संताप प्रथम देवापुढे मांडावा. स्तोत्रकर्ते आपला रोष देवापासून लपवीत नाहीत. आपणही लपवू नये.

२. बोलण्यापूर्वी सत्य पडताळावे. ऐकीव बातमीवर आधारलेला राग निरपराधावर अन्याय करू शकतो.

३. पीडिताच्या घरी जावे. उपचार, विम्याची कागदपत्रे, मुलांची फी यांत त्याला सोबत द्यावी.

४. यंत्राला संरक्षक जाळी नसेल, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग बंद असेल, तर अपघाताची वाट न पाहता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हेही सनदशीर साधन आहे.

५. आपल्यापैकी जे मालक, ठेकेदार किंवा पर्यवेक्षक आहेत, त्यांनी आपल्या हाताखालील माणसांविषयी प्रथम स्वतःचा विवेक तपासावा. प्रायश्चित्त संस्कारात ही बाबही सांगायची असते.

रात्री झोपण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या : आजच्या माझ्या रागाने कोणाचा हात बरा झाला? उत्तर देता आले नाही, तर उद्या काय करायचे ते आपल्याला ठाऊक आहे.