विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण : वाद व तर्कदोष

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईतील जुहू येथे उतरले. हे उड्डाण निव्वळ खाजगी कर्तृत्वाचा दाखला मानले जाते. टपालाचा करार मात्र सरकारशी होता. पुढे विमान कंपन्या तोट्यात आल्या, तेव्हा त्याचे खापर खाजगी मालकीवर फोडणे एकांगी होते. कारण गरजेपेक्षा अधिक परवाने सरकारनेच दिल्याचे राजाध्यक्ष समितीच्या चौकशीत (१९५०) दिसून आले. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तरी १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष टाटाच होते. २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे परतली. यावरून सरकारी मालकी मुळातच निष्फळ ठरविणे, हाही काकतालीय न्यायच होय.