डोंगरावर कोरलेलं बाईचं नाव

गटाची सहल ठरली की जेजुरी, आळंदी ही नावं आधी निघतात. आज मी तीन वेगळी ठिकाणं सांगते. चाकण-पिंपरीकडून सकाळी लवकर निघालं तर एका दिवसात होतात. आणि तिन्ही ठिकाणी एक गोष्ट बघत राहा: नाव कुणाचं लिहिलंय?

पहिलं ठिकाण घोरावडेश्वर. देहूरोड आणि तळेगावच्या मधला हा डोंगर. महाशिवरात्रीला तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथं जाऊन आल्या असतील. तुकाराम महाराज इथं चिंतनाला बसायचे, असं वारकरी मंडळी सांगतात. आज जिथं महादेवाची पूजा होते, ती मुळात बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली लेणी. अभ्यासकांच्या पुस्तकांत त्यांना शेलारवाडीची लेणी म्हणतात.

तिथं दगडात एक लेख कोरलेला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय दीड हजार वर्षांहून जास्त. त्यात लिहिलंय की हे लेणं सिअगुतनिका नावाच्या बाईनं दान दिलं. ती कोण? धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची बायको. त्याच्या नावामागे ‘हालकीय’ असा शब्द आहे, म्हणजे नांगराचा माणूस. दानात तिचा मुलगा नंद सोबत आहे. राणी नाही, सरदारीण नाही, शेतकऱ्याच्या घरातली बाई. नवऱ्याचं नाव आहे, मुलाचं आहे, पण दान तिचं म्हणून लिहिलंय. आणि दान दिलेल्या वस्तूला त्या लेखात शब्द आहे ‘लेण’. आपण आजही लेणंच म्हणतो.

डोंगर उतरलं की दुसरं ठिकाण जवळच, देहूरोडचं बुद्धविहार. १९५४ सालच्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ब्रह्मदेशात रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तिथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतःच्या हातानं इथं बसवली. नागपूरची धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणून लोक या जागेला धम्मभूमी म्हणतात आणि दर २५ डिसेंबरला इथं गर्दी होते.

इथं हात जोडताना आणखी एक आठवण ठेवा. मुलीला आणि विधवेला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडलं. ते अडवलं गेलं, तेव्हा १९५१ साली त्यांनी कायदामंत्रीपद सोडलं. पुढे १९५६ मध्ये वारसा कायदा झाला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा देशभर मिळायला मात्र २००५ साल उजाडलं.

तिसरं ठिकाण पुण्यात सिंहगड रस्त्यावर: पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. सुमारे दहा एकरांची ही जपानी धाटणीची बाग. वळणावळणानं वाहणारं पाणी, त्यावर छोटे पूल, हिरवळीच्या टेकड्या, तळ्यात मासे. दिवसभर चाललेल्या पायांना इथं आराम मिळतो. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची प्रसिद्ध बाग आहे, तिच्यावरून ही केलेली आहे. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदारानं १६८७ मध्ये सुरू करून १७०० साली पुरी केली. गंमत म्हणजे त्या सरदारी बागेत भातखाचरं आणि चहाचा मळाही आहे. पण बागेची गोष्ट सांगताना नाव सरदाराचंच घेतलं जातं. त्या खाचरांत चिखल तुडवणाऱ्यांचं नाव कुणी घेत नाही.

मैत्रिणींनो, आपलंही तसंच आहे. लावणी आपण करतो, खुरपणी आपण करतो आणि सातबारावर नाव असतं नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिराचं. आपल्या भागात कारखान्याला, रस्त्याला जमिनी जातात. मोबदल्याचा पैसा मिळतो तो कागदावर नाव असेल त्याला. राबणारीला कुणी विचारत नाही.

म्हणून सहलीहून आल्यावर एक काम करा. घरातला सातबारा आणि ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, नमुना ८, काढून गटाच्या बैठकीत आणा. कुणाकुणाचं नाव आहे ते एकमेकींना वाचून दाखवा. नवऱ्यानं अर्ज केला तर लक्ष्मी मुक्ती योजनेत सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. घराच्या उताऱ्यावरही दोघांची नावं लावता येतात. त्यासाठी तलाठी आणि ग्रामसेवकाला भेटायचं. एकटीनं जायला संकोच वाटला तर पाच जणी मिळून जा. आणि बहिणीचा हक्क सोडून देण्याचा कागद घरात आला, तर सही करण्याआधी दोन दिवस थांबून विचार करायला सांगा.

सिअगुतनिकेचं नाव दगडात होतं, म्हणून ते आजवर टिकलं. आपलं निदान कागदावर तरी येऊ द्या.