सत्कारसभेत जन्मलेलं अंतर्मन

अवघड प्रश्न बाजूला ठेवा, जरा फिरून या, उत्तर आपसूक सुचेल. हा सल्ला थेट आर्किमिडीजपासून चालत आलाय असं सर्रास सांगतात. सांगोत बापडे! त्याला शास्त्राची वस्त्रं चढली ती १९२६ मध्ये. 'द आर्ट ऑफ थॉट' या पुस्तकात ग्रॅहॅम वॉलस यांनी चार पायऱ्या मांडल्या: तयारी, मुरणं, साक्षात्कार, पडताळा. वॉलस लंडनमधले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. मग पहिल्या तीन पायऱ्या त्यांना सापडल्या कुठे? एका सत्काराच्या भाषणात.

नोव्हेंबर १८९१, बर्लिन. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या सत्तरीचा सोहळा. उत्तरादाखल ते म्हणाले, प्रश्न सगळ्या बाजूंनी उलटापालटा करून झाला, त्याचा शीण उतरला, की कल्पना येतात. त्याही टेबलापाशी नव्हे, तर उन्हात झाडीची टेकडी रमतगमत चढताना. मद्याच्या थेंबानंही त्या पळून जातात.

गंमत पुढेच आहे. मार्च १८९० मध्ये, याच बर्लिनमध्ये, रसायनशास्त्रज्ञ केकुलेंचा सत्कार झाला होता. बेंझिनच्या संरचनेला पंचवीस वर्षं झाली म्हणून. शेकोटीपाशी डुलकी लागली आणि स्वतःचं शेपूट तोंडात धरलेला साप दिसला, त्यावरून बेंझिनचं कडं सुचलं, ही गोष्ट त्यांनी त्या समारंभात सांगितली. पुढे तिच्यावर संशयही घेतला गेला.

माझा तर्क असा: नकळत काम करणाऱ्या अंतर्मनाच्या कीर्तीत सत्कारमूर्तींच्या भाषणांचा वाटा मोठा आहे. हार गळ्यात असताना 'मी ढोरमेहनत केली' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. 'मला सुचलं' म्हणणं शोभतं.

या तर्काला एकच खमका विरोधक आहे, तो म्हणजे फ्रेंच गणिती प्वांकारे. फ्रान्समधल्या कुतांसला घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताना फुक्सीय फलनं आणि अयुक्लिडीय भूमिती यांचा संबंध सुचला, असं त्यांनी १९०८ मध्ये पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञांपुढे सांगितलं. हा काही सत्कार नव्हता. शिवाय १८८० साली त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीला पाठवलेल्या निबंधाच्या पुरवण्या उपलब्ध आहेत आणि जूनमधल्या पहिल्याच पुरवणीत तो संबंध दिसतो. म्हणजे कल्पनेची वेळ खरी. घोडागाडीची पायरी मात्र अठ्ठावीस वर्षांनंतरच्या आठवणीतली.

खरं भांडण पुढे आहे. तयारी आणि साक्षात्कार यांच्या मधल्या वेळात नेमकं होतं काय? विश्रांतीनं डोकं ताजंतवानं होतं, हे उत्तर प्वांकारेंनी विचारात घेतलं आणि मागे सारलं. आत नकळत काम चालू असतं हेच त्यांना अधिक संभवनीय वाटलं. १९३८ मध्ये मानसशास्त्रज्ञ वुडवर्थ यांनी साधा पर्याय सुचवला: चुकीच्या वाटेचा हट्ट तेवढ्या वेळात सुटतो, बस्स. माझं मत वुडवर्थ यांच्या बाजूनं. हेल्महोल्ट्झ तर फक्त शीण उतरण्याबद्दल बोलले होते; गुप्त कारागीर त्यात नंतरच्यांनी बसवला.

चौथी पायरी, पडताळा, हेल्महोल्ट्झ यांच्या भाषणात नव्हती. ती वॉलस यांनी प्वांकारेंकडून घेतली. साक्षात्कारानंतर पुन्हा टेबलाशी बसून आकडेमोड करावी लागते, हे प्वांकारेंनी बजावून सांगितलं होतं. आधी घाम गाळला नसेल तर साक्षात्कारही नाही, हेसुद्धा. 'फिरून या' म्हणणारे नेमक्या याच दोन अटी गाळतात.