सोवळे, जाते आणि ख्रिस्त

घरकामाचा इतिहास लिहिणे अवघड आहे, कारण त्या कामाची खूण मागे उरत नाही. सारवलेली जमीन पुन्हा उखडते, घासलेली भांडी सांजेला पुन्हा खरकटी होतात, दळलेले पीठ दोन दिवसांत संपते. अशा श्रमात धर्माचा अर्थ सापडतो काय, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेला नवा नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठातील ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत असे, आणि भांड्यांच्या गलबल्यातही आपणांस प्रार्थनेइतकाच देव जवळ वाटतो, असे सांगत असे. उत्तर सुंदर आहे. परंतु लॉरेन्सने मठ स्वतः निवडला होता. जिला चूल निवडण्याचा वा नाकारण्याचा अधिकारच नव्हता, तिला हे उत्तर पुरेल काय?

मराठीपुरता हा प्रश्न मांडायचा तर आम्ही बीड जिल्ह्यातील उमापूरपासून आरंभ करू. गेवराई तालुक्यातल्या या गावाच्या भूगोलात दोन परंपरा शेजारी येतात. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी पुढे गंगाखेडला जाते. ते जनाबाईचे जन्मगाव. पश्चिमेस शेवगाव ओलांडले की अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. तेथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली आपले ठाणे मांडले, आणि पुढे तेथेच नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचा संसार झाला.

जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्या परंपरेत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, झाडतो, धुणी धुतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे म्हणून एक जाते आजही दाखवितात. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, देव जनीला 'तुझे काम हीच पूजा' असे सांगून थांबत नाही. तो स्वतः जात्याचा खुंटा धरतो. जात्यावरच्या ओव्यांचा सारा पसाराच असा सोबतीच्या श्रमातून वाढला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी जाऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बीड जिल्ह्यातल्याच माजलगावच्या स्त्रियांनी डॉ. आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्याही त्यांत आहेत. पिठाची गिरणी आल्यावर जाते थांबले, ओवी ओसरली. चूल मात्र बाईकडेच राहिली.

या पार्श्वभूमीवर शुभवर्तमान वाचले की त्यातली घरकामे नजरेत भरतात. तीन मापे पिठात खमीर मिसळणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, एका जात्यावर दळणाऱ्या दोघीजणी. या साऱ्यांचा कळस शिष्यांचे पाय धुण्याच्या प्रसंगात आहे. सेवकाचे काम तेथे गुरू करतो, आणि 'तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा' असे सांगतो. कामाला अर्थ येतो तो ते काम कोण कोणासाठी करतो यातून. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्या वाटेवर जनाबाईचे जातेही होते, असे आम्हांस वाटते.

परंतु हा विचार खऱ्या अर्थाने घरात आणला तो लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील वडिलांचे सोवळे वाचकांना हसविते. त्या घरात धान्यच काय, मीठदेखील धुऊन घेतले जाई. मात्र हे हसू ओसरले की दिसते ते असे: सोवळे हे घरकाम वाढविणारे यंत्र होते, आणि ते चालविण्याचा भार बायकांवर होता. पाणी कोणी भरले, भांडे कोणी शिवले, याच रोजच्या प्रश्नांतून जात दररोज नव्याने घडत होती. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांच्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाई आपले अन्नपाणी वेगळे ठेवीत. मग एके दिवशी त्यांनी विचारांती ठरविले की, जाती माणसांनी केल्या. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांचे धर्मांतर आधी पाण्याच्या हंड्यापाशी घडले, प्रार्थनामंदिरात त्याची नोंद मागाहून झाली.

ही कसोटी घेऊन पुन्हा बीडकडे वळू. या जिल्ह्यातून दरवर्षी जोडपी ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. पहाटे भाकरी थापून बाई फडात उतरते, आणि परतल्यावर पुन्हा चूल पेटविते. तिची भाकरी ही पूजाच आहे, असे प्रवचनात सांगणे सोपे. जनीचा देव आणि पाय धुणारा गुरू दोघेही त्याहून अवघड मागणी करतात: आधी खुंट्याला हात लावा, मग अर्थ सांगा.

अभ्यासक्रमात 'स्मृतिचित्रे' बहुधा विनोद, प्रांजळपणा आणि बोलीची लय यांसाठी शिकविले जाते. ते योग्यच आहे. पण हंडा, चूल आणि मीठ यांच्या भाषेत लिहिलेला मराठीतला एक अस्सल ख्रिस्ती विचारग्रंथ म्हणूनही ते वाचले जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.